नमुना क्रमांक तीन

रविवारच्या सूपमध्ये उभा केलेला चमचा आडवा व्हायला नऊ सेकंद घेत असे. हा आकडा अंदाजे नव्हता. तिने सलग अकरा रविवार मनगटावरच्या घड्याळाकडे बघत तो मोजला होता आणि सरासरी काढली होती. पहिले तीन सेकंद चमचा जागचा हलत नसे. मग आपण नक्की कुठल्या बाजूला पडावं याचा विचार केल्यासारखा तो सावकाश कलू लागे आणि शेवटी वाटीच्या काठाला टेकून निमूट पडून राही. टोमॅटो, पाणी, मीठ आणि थोडं लोणी एवढ्यातून असा पदार्थ तयार होऊ शकतो हे कोणी नुसतं सांगितलं असतं, तर चोवीस वर्षं रसायनांत काढलेल्या बाईला ते पटलं नसतं.

"कसं झालंय?" नवऱ्याने विचारलं.

"गरम आहे," ती म्हणाली.

हे खरं होतं. ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मुख्य रसायनतज्ज्ञ होती आणि खोट्या अहवालावर तिने आयुष्यात सही केली नव्हती. अपवाद एकच. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात तिला ताप आला. नाक चोंदलं, साखर कुठली आणि मीठ कुठलं हे जिभेला कळेनासं झालं. तेव्हा नवऱ्याने हे सूप पहिल्यांदा केलं आणि ती वाटी रिकामी करून म्हणाली, "छान झालंय." बिघडलेल्या उपकरणावर घेतलेली नोंद होती ती. अशी नोंद कोणीही शहाणा माणूस दुसऱ्या दिवशी रद्द करतो. तिनेही रद्द करायची ठरवली होती. त्याला आता एकोणीस वर्षं झाली होती आणि एकोणीस वर्षं दर रविवारी सूप होत होतं.

बरं, ते घरातल्या घरात राहिलं असतं तरी चाललं असतं. पण नवरा दिलदार. तो लिफ्ट तपासनीस होता. आठवडाभर इमारतींच्या गच्चीवर जाऊन दोर आणि चाकं तपासायची, आणि रविवारी मोठ्या पातेल्यात सूप करून वाटायचं. एक डबा मागच्या इमारतीत एकट्या राहणाऱ्या आईला, एक पलीकडच्या गल्लीत बहिणीला, एक शेजारच्या मास्तरांना. मास्तर निवृत्त झालेले आणि विधुर. डबा परत देताना ते दर वेळी म्हणत, "असं सूप मी आजवर कुठेच प्यालो नाही." यातही खोटं काहीच नव्हतं.

अडचण उभी राहिली ती कोपऱ्यावरच्या खानावळीमुळे. खानावळवाल्या मावशींचे गुडघे गेले होते आणि खानावळ कुणाच्या तरी हवाली करून त्या लेकीकडे जायला निघाल्या होत्या. नवऱ्याने ऐकलं आणि त्याच्या मनाने घेतलं. मावशींनी त्याच्या हातचं काही खाल्लं नव्हतं, पण त्याच्या सूपची तारीफ त्यांच्या कानावर इतक्या वेळा आली होती, की त्यांनी लगेच होकार दिला. पुढच्या सोमवारी तो नोकरीचा राजीनामा देणार आणि मावशी त्याला चाव्या देणार. राजीनामा टाइप होऊन टेबलाच्या खणात तयारही होता.

गेले पंधरा दिवस ती रोज बोलायचं ठरवत होती. रोज त्याच्यासमोर उभी राहत होती, तोंड उघडत होती, आणि दर वेळी तिच्या तोंडून "पंखा जरा कमी करा" एवढंच निघत होतं.

त्या रविवारी सगळेच जेवायला होते. नवरा खानावळीबद्दल बोलत होता.

"घरच्यासारखं जेवण द्यायचं. बास. लोकांना तेच हवंय."

"अरे, पण घरचं जेवण घरोघरी असतंच की," नणंद म्हणाली. ही त्याची मोठी बहीण. "त्यासाठी खानावळीत कोण येईल? स्वयंपाक काय, सगळ्यांनाच येतो."

"तसं तुला वाटतं, ताई. शंभरातल्या ऐंशी लोकांना येत नाही. येतो असा नुसता समज असतो. लिफ्टचं तेच आहे. वर-खाली होतेय ना, मग ठीकच असणार."

"म्हणजे मलाही येत नाही?" सासूबाईंनी विचारलं.

"तुझं सोड ग, आई."

"का सोडू? तुला मी काय हवेवर वाढवला?"

"मी तर बारा वर्षं स्वतःच्या हाताने करतोय," मास्तर म्हणाले. "दोन्ही वेळ. फोडणीचा आवाज ऐकून सांगतो, कमी की जास्त."

"माझ्या हाताला तर चवच आहे, सगळे म्हणतात," नणंद म्हणाली. "आता आपण आपल्या तोंडाने काय सांगायचं?"

ती हे सगळं ऐकत होती. रोजचा स्वयंपाक तीच करायची, वजनकाट्यावर मोजून. त्या स्वयंपाकाला कोणी नावं ठेवली नव्हती आणि कोणी त्याचं कौतुकही केलं नव्हतं. तिची त्याबद्दल तक्रार नव्हती. पण आत्ता तिच्या डोक्यात एक विचार आला, आणि पंखा कमी करा असं म्हणायच्या आधीच तो तोंडून बाहेर पडला.

"मोजून बघू या."

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं.

"पुढच्या रविवारी प्रत्येकाने घरून सूप करून आणायचं. टोमॅटोचंच, एक लिटर. मी त्यांना क्रमांक देईन. कुठलं कुणाचं ते कोणालाच कळणार नाही. सगळ्यांनी चाखायचं आणि दहापैकी गुण द्यायचे. नावं न घालता."

बेत साधा होता. तिला जे बोलता येत नव्हतं ते आकडे बोलणार होते. नाव गुप्त राहतंय म्हटल्यावर माणसं खरे गुण देतील, असा तिचा हिशेब होता.

"उत्तम," नवरा म्हणाला. "होऊन जाऊ दे."

बाकीच्या तिघांचे चेहरे मात्र टाकीत शेवाळ सापडल्याचं कळवल्यावर अधिकाऱ्यांचे होतात तसे झाले. तिच्या ते लक्षात आलं, पण तिने त्याची नोंद घेतली नाही. एरवी ती अशी चूक करत नसे.

पुढच्या रविवारी बारा वाजता सासूबाई झाकलेलं पातेलं घेऊन आल्या. नणंदेने काचेचं भांडं आणलं होतं. मास्तरांनी सूप थेट कुकरमधून आणलं होतं आणि कुकरची शिट्टी अजून हलतेय असं ते दोनदा म्हणाले. नवऱ्याने आपलं सूप सकाळी उठून केलं होतं.

तिने स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेतलं. चारही सूप साठ अंशांपर्यंत गरम केली, एकसारख्या पांढऱ्या वाट्यांत ओतली आणि वाट्यांना चिठ्ठ्या डकवल्या. एक, दोन, तीन, चार. प्रयोगशाळेने मोडीत काढलेलं खारटपणा मोजायचं छोटं यंत्र तिच्याकडे होतं. गुणांना जोड म्हणून तेही लावून घ्यावं, असं तिला वाटलं.

नमुना एक, शंभर मिलिलिटरला ०.८२ ग्रॅम मीठ. नमुना दोन, ०.८२. नमुना तीन, २.१०. नमुना चार, ०.८२.

तिने यंत्राकडे बघितलं. ते तिच्याकडे बघत होतं. तिने त्याचं टोक शुद्ध पाण्याने धुतलं आणि पुन्हा मोजलं. ०.८२, ०.८२, २.१०, ०.८२. तिने त्याचा सेल बदलला. ठरावीक मिठाचं पाणी तयार करून यंत्र नीट लावलं आणि तिसऱ्यांदा मोजलं. आकडा हलला नाही. तीन वेगळ्या घरांत, तीन वेगळ्या हातांनी घातलेलं मीठ दुसऱ्या दशांशापर्यंत जुळत नसतं. एकाच बाईने लागोपाठ दोन दिवस केलं तरी ते जुळत नाही. म्हणजे यंत्र बिघडलं असणार. पण मग ते तीन नंबरला वेगळं कसं दाखवतंय?

"वहिनी, दीड वाजला," बाहेरून नणंदेचा आवाज आला. "आम्ही अजून किती वेळ नुसते चमचे धरून बसायचं?"

"आम्लता राहिलीय," ती आतून म्हणाली.

आम्लताही तिन्हींची सारखीच निघाली. तिने कपाळावरचा घाम पुसला, यंत्र कपाटात ठेवून दिलं आणि वाट्या बाहेर आणल्या.

प्रत्येकाला एक जाड कागद दिला. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून गुणांच्या चौकटीत पंचने भोक पाडायचं होतं. ती स्वतःही गुण देणार होती. माणसं पाच, नमुने चार.

"बोलायचं नाही," तिने बजावलं.

कोणी बोललं नाही. पण चेहऱ्यांना कोण थांबवणार? तीन नंबरचा चमचा तोंडात गेला की सासूबाई डोळे मिटत आणि गिळून झाल्यावर उघडत. मास्तर त्यावर पाणी प्याले, मग थोड्या वेळाने पुन्हा प्याले. ओळखायचं काही राहिलंच नव्हतं. खरी पंचाईत बाकीच्या तीन वाट्यांची होती. आपलं कुठलं, हेच कोणाला कळेना. नणंदेने एक चाखलं, मग चार, मग पुन्हा एक, आणि मास्तरांच्या कानाशी लागून विचारलं, "यात फरक काय आहे हो?"

"शू," ती म्हणाली.

पंचचे आवाज झाले. तिने कागद गोळा केले आणि पिसून घेतले. मग वाचू लागली. एक, दोन आणि चार या नमुन्यांना दोघांनी चांगले गुण दिले होते, पण तिघांनी सगळीकडे पाच-पाचच टाकले होते. सरासरी सहाच्या जरा वर. मग ती नमुना तीनवर आली.

"दहा," तिने वाचलं. "दहा. दहा." इथे तिचा आवाज बारीक झाला. "दोन."

हा तिचा स्वतःचा होता. लोकांना मोकळीक दिली की ते खरं बोलतात हा हिशेब चुकला होता. मोकळीक मिळाल्यावर माणसं सढळ हाताने आणि बेधडक खोटं बोलली होती. शिवाय प्रयोगशाळेचा नियम होता, आणि तो तिनेच घालून दिला होता: सगळ्या नोंदी एकीकडे आणि एकच भलतीकडे असेल, तर ती एक चुकीची समजून काढून टाकायची. स्वतःच्याच नियमाने तिला आता स्वतःचाच गुण खोडावा लागणार होता. तिने पाचवा कागद उलटला.

"दोन," तिने वाचलं, आणि पुन्हा वाचलं. "दोन."

एक नोंद काढून टाकता येते. पण दोन माणसांच्या नोंदी तंतोतंत जुळल्या की हात लावता येत नाही. या खोलीत आणखी एक खरं बोलणारा माणूस होता. तिने सगळ्यांकडे पाहिलं. सगळे एकमेकांकडे पाहत होते.

"कोणी दिले हे दोन?" नणंदेने दरडावून विचारलं. "वाईट वाटत नाही काही?"

"माझी जीभ झडेल," मास्तर म्हणाले.

"माझ्याकडे बघू नका," सासूबाई म्हणाल्या. "मी आई आहे त्याची."

"सरासरी किती?" नवऱ्याने विचारलं.

"सहा पूर्णांक आठ."

"म्हणजे पहिला नंबर माझाच." त्याने मान हलवली. जिंकलेला माणूस बोलतो तसा तो बोलत नव्हता. पण काम पक्कं झालं होतं. "मोजूनच निघालं म्हटल्यावर आता प्रश्नच मिटला. उद्या सकाळी पत्र देतो." आणि त्याने खणातला लिफाफा काढून खिशात ठेवला.

तेवढ्यात दारावरची बेल वाजली. खानावळवाल्या मावशी गुडघ्यावर हात ठेवून आत आल्या आणि पहिल्या दिसलेल्या खुर्चीत बसल्या.

"तिघांच्याही घरांना कुलूप, म्हटलं इथेच असणार सगळी मंडळी. माझे डबे द्या बाई. संध्याकाळच्या गिऱ्हाइकांना लागतात."

"कसले डबे?" नवऱ्याने विचारलं.

"सूपचे. सकाळी तीन गेले. एक आईंनी नेला, एक मास्तरांनी, आणि ताईंनी मागच्या दाराने."

तिला सगळ्यात आधी सुटल्यासारखं वाटलं. यंत्र ठीक होतं.

"आई?" नवरा म्हणाला.

"आजच्या दिवस रे. हात दुखत होता."

"आजच्या दिवस कुठला," मावशी म्हणाल्या. त्यांना कोणाची पोल खोलायची नव्हती, फक्त माहिती चुकीची जाऊ नये असं वाटत होतं. "सहा वर्षं झाली की. रात्रीचं रोजचंच आहे."

"मास्तर, तुम्ही तर दोन्ही वेळ..."

"भात मी घरीच लावतो," मास्तर घाईने म्हणाले.

"भातही माझाच असतो, मास्तर," मावशी म्हणाल्या.

नणंद खिडकीतून बाहेर बघत होती. "मुलांना आवडतं म्हणून मी आपलं कधीतरी."

"ताई, मुलं दोन वर्षं झाली होस्टेलला आहेत," नवरा म्हणाला. तो चिडला नव्हता. तो मोजत होता. "म्हणजे मी म्हणालो तेच खरं. शंभरातल्या ऐंशींना येत नाही. इथे तर चारातल्या तिघांना येत नाही. आज खरोखर सूप केलं ते मी एकट्यानेच. आणि त्याला पहिला नंबर."

"मग झालंच की," मावशी समाधानाने म्हणाल्या. "उद्या चाव्या तुमच्या हातात. आई, मास्तर, ताई, परवापासून तुमचे डबे हेच देतील हं."

हे वाक्य सगळ्यांच्या डोक्यात शिरायला थोडा वेळ लागला. आधी मास्तरांचा चेहरा उतरला.

"दोन्ही वेळ?" त्यांनी विचारलं.

"सूपसकट?" नणंदेने विचारलं.

सासूबाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. मग एकदम सगळ्यांनाच कंठ फुटला.

"ते दोन गुण माझे होते," सासूबाई म्हणाल्या.

"काहीतरीच काय, आई. माझे होते," नणंद म्हणाली. "मगाशी मला लाज वाटली म्हणून बोलले नाही."

"एक माझा आहे," मास्तर म्हणाले. "शपथेवर सांगतो."

"दोनच कागदांवर दोन आहेत," ती म्हणाली. "तुम्ही तिघं आहात."

"मग माझ्या कागदावरचे दहा खोडून तिथे दोन कर," सासूबाईंनी फर्मावलं.

"नोंद झाल्यावर खाडाखोड चालत नाही, आई."

"अग, सुनेसारखी वाग जरा."

"हरलात म्हणून बोलताय," नवरा म्हणाला. "आणि तिघंही बाहेरचं आणून घरचं म्हणालात. आता तुमच्या शब्दावर मी विश्वास का ठेवू?"

या गडबडीत मावशींनी तीन नंबरची वाटी पुढे ओढली होती. एक चमचा तोंडात घातला. त्यांच्या हातून तीस वर्षं रोज शंभर माणसं जेवली होती. त्यांचा चेहरा काही बदलला नाही, पण चमचा त्यांनी वाटीत परत ठेवला नाही. दूर टेबलावर ठेवला.

"मीठ कसं घालता?" त्यांनी विचारलं.

"हाताच्या अंदाजाने."

"आणि करताना चव?"

"घेत नाही."

"का बरं?"

नवऱ्याने खिशातला लिफाफा काढला आणि उगाच त्याचे कोपरे सरळ करत बसला.

"सुरुवातीला घेत होतो," तो म्हणाला. "मला काही ते आवडायचं नाही. म्हटलं माझ्याच जिभेत बिघाड असणार. ही रसायनातली, ही छान म्हणते. मग आई म्हणाली, ताई म्हणाली, मास्तर म्हणाले. लिफ्टवरही तसंच करतो आम्ही. चार काटे एक दाखवतायत आणि पाचवा वेगळं, तर पाचवा मोडीत काढायचा. म्हणून मी चव घ्यायचं सोडून दिलं. आपल्या आवडीचं काय एवढं? लोकांना आवडतंय ना, मग लोकांना द्यावं."

"आणि खानावळ?" मावशींनी विचारलं.

"तीही त्यासाठीच. पण आज खोटं भोक पाडायला हात धजेना. तपासणीचा कागद होता." त्याने टेबलावरच्या कागदांकडे बघितलं. "दोन गुणांच्या कागदांपैकी एक माझा आहे."

मास्तर पाणी प्यायला ग्लासापर्यंत गेलेले, ते तिथेच थांबले.

"दुसरा कुणाचा आहे?" नवऱ्याने विचारलं. "खरं सांगा. नसेल कोणाचाच, तर मी उद्या पत्र देतो आणि परवापासून डबे सुरू करतो."

सासूबाईंनी तोंड उघडलं. नणंदेनेही उघडलं. तिने हात वर करून दोघींना थांबवलं, आणि मग कधीही केलं नव्हतं ते केलं. पंखा बंद केला. खोली इतकी शांत झाली की खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्या सायकलची साखळी ऐकू आली.

"माझा," ती म्हणाली. "तुमच्या जिभेत काही बिघाड नाही. मला हे सूप आवडत नाही, कधीच आवडलं नाही. नोकरी सोडायची नाही, पत्र द्यायचं नाही, आणि पुढच्या रविवारपासून या घरात हे सूप होणार नाही."